गॉइफ मेला की वाचला? मॅजिकच्या डावातले अडलेले नियम

घाटवाट | रविवार, रात्री ११:४०

आज दुपारी मित्राकडे डाव मांडला होता. तो एका पानावरून अडला आणि दीड तास तसाच राहिला. घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला पत्त्यांचा खेळ. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. प्रत्येकाने आपला गठ्ठा आपण निवडून, बांधून आणायचा. दोघांच्या डावात सुरुवातीला २० लाइफ असतात, समोरच्याचे संपवायचे. मेंढीकोटात बावन्न पानं आणि सगळ्यांना एकच नियम. इथे आजवर पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळी पानं निघालीत आणि बहुतेक प्रत्येकावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला आहे. अशी दोन पानं समोरासमोर आली की काय होईल, हे छापणाऱ्यालाही दर वेळी आधी सुचलेलं नसतं.

आता आजचा प्रसंग. माझा टार्मोगॉइफ, म्हणजे गॉइफ, टेबलावर होता. तो क्रीचर, म्हणजे लढणारं पान. पॉवर म्हणजे तो किती डॅमेज (इजा) करतो, टफनेस म्हणजे किती डॅमेज झालं की मरतो, आणि २/३ लिहिलं की पॉवर २, टफनेस ३. ग्रेव्हयार्ड म्हणजे वापरून झालेल्या किंवा मेलेल्या पानांचा ढीग. दोघांच्या मिळून सगळ्या ग्रेव्हयार्डांत जितक्या प्रकारची पानं असतील तितकी त्याची पॉवर, आणि टफनेस त्याहून एकने जास्त. माझ्या ग्रेव्हयार्डात एक लँड (पानं खेळायला लागणारी ताकद, म्हणजे माना, देणारं पान) होतं, मित्राच्या ग्रेव्हयार्डात एक क्रीचर. दोन प्रकार, म्हणजे गॉइफ २/३. मित्राने त्याच्यावर लाइटनिंग बोल्ट मारला. बोल्टचं डॅमेज ३.

तो म्हणाला, टफनेस तीन, डॅमेज तीन, उचल. मी म्हणालो, बोल्ट हा इन्स्टंट, म्हणजे एकदा वापरून संपणाऱ्या पानाचा प्रकार आहे. तो ग्रेव्हयार्डात गेला की तिसरा प्रकार आला, गॉइफ ३/४ झाला, वाचला. त्याचं उत्तर: "बोल्ट ग्रेव्हयार्डात पोचायच्या आत गॉइफ मेलेला असतो." शेवटी नाणं उडवलं आणि गॉइफ गेला. हरल्याचं काही नाही. पण नियम नक्की काय आहे ते कळल्याशिवाय पुढच्या रविवारी डावाला बसणं मला जमणार नाही. जाणकारांनी पायरीपायरीने समजावून सांगावं ही विनंती.

केवडा | रविवार, रात्री ११:५८

मला तुमच्या मित्राचं पटतं. बोल्टच्या पानावर एकच गोष्ट लिहिली आहे, तीन डॅमेज कर. ते झालं त्या क्षणी गॉइफचा टफनेस तीनच होता. पान ग्रेव्हयार्डात ठेवणं ही नंतरची आवराआवर. आवराआवर करताना मेलेला माणूस उठून बसत नाही.

निळी शाई | सोमवार, सकाळी ७:१५

घाटवाट, तुमचा गॉइफ वाचला होता. नाणं उडवायची गरज नव्हती.

मी काही वर्षं छोट्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभी राहिले आहे. हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की तो अजूनही येतो याचा आनंद होतो, कारण या एका प्रश्नात खेळाचा अर्धा सांगाडा उलगडतो.

पहिली गोष्ट म्हणजे थप्पी. स्टॅकला मी घरी थप्पीच म्हणते. कुठलंही स्पेल (लँड सोडून खेळलेलं पान) टाकलं की ते लगेच घडत नाही, थप्पीवर जाऊन बसतं. मग प्रत्येकाला विचारलं जातं, यावर तुला काही करायचंय? ही विचारणा म्हणजे प्रायॉरिटी. दोघंही "नाही" म्हणाले की थप्पीतलं सगळ्यात वरचं पान रिझॉल्व होतं, म्हणजे घडतं. शेवटी ठेवलेलं आधी.

दुसरी गोष्ट: मरतो कोण आणि मारतं कोण? केवडा, तुमचा मुद्दा इथेच अडतोय. बोल्ट कुणालाही मारत नाही. बोल्ट डॅमेज करतो, तेवढंच. क्रीचरवर त्याच्या टफनेसइतकं डॅमेज झालंय का हे खेळ स्वतः तपासतो. त्या तपासणीला स्टेट-बेस्ड ॲक्शन्स म्हणतात, नियमपुस्तकात कलम ७०४. ही तपासणी सतत चालू नसते. कुणाला तरी प्रायॉरिटी मिळणार असते, त्याच्या अगदी आधी ती होते. एखादं स्पेल रिझॉल्व होत असताना मध्येच कधीच होत नाही.

आणि बोल्टचं पान ग्रेव्हयार्डात ठेवणं ही बोल्टच्याच रिझॉल्व होण्याची शेवटची पायरी आहे, कलम ६०८. म्हणून क्रम असा लागतो: तीन डॅमेज झालं, बोल्ट ग्रेव्हयार्डात गेला, बोल्टचं काम संपलं, आणि आता खेळ टेबलाकडे बघतो. त्याला दिसतो तीन डॅमेज लागलेला ३/४ गॉइफ. तो जिवंत आहे.

कॅरम आठवून पाहा. स्ट्रायकर मारला आणि सोंगट्या फिरताहेत, तेव्हा आपण हिशोब करतो का? सगळं थांबू देतो आणि मग राणी गेली का, कव्हर गेलं का, स्ट्रायकर पडला का ते बघतो. बोल्ट हा स्ट्रायकरचा एक फटका आहे. तो थांबल्यावरच बघायचं.

केवडा | सोमवार, सकाळी ९:०२

कॅरमवरून पटलं. मग उलट विचारतो. ग्रेव्हयार्डात लँड आणि क्रीचरऐवजी क्रीचर आणि इन्स्टंट असते तर? गॉइफ तेव्हाही २/३.

आणि दुसरं. गॉइफ वाचला, तीन डॅमेज अंगावर घेऊन ३/४ उभा आहे. त्याच टर्नमध्ये कुणी तो बोल्ट ग्रेव्हयार्डातून काढून टाकला तर?

निळी शाई | सोमवार, दुपारी १:३०

दोन्ही प्रश्न मोक्याचे आहेत.

इन्स्टंट आधीच पडलेला असेल तर बोल्ट गेल्याने नवा प्रकार वाढत नाही. गॉइफ २/३ च राहतो आणि तपासणीत मरतो. म्हणून गॉइफला बोल्ट मारण्याआधी दोन्ही ग्रेव्हयार्डं उघडून मोजायची. ती दोघांनाही बघायला खुली असतात, मोजण्यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्या प्रश्नात गॉइफ मरतो. डॅमेज टर्न संपेपर्यंत अंगावर राहतं. डेथराइट शामनची एक ॲबिलिटी कुठल्याही ग्रेव्हयार्डातला इन्स्टंट किंवा सॉर्सरी (तसाच दुसरा प्रकार) एक्झाइल करते, म्हणजे डावाबाहेर काढून ठेवते. तिने बोल्ट उचलला की प्रकार पुन्हा दोन, गॉइफ पुन्हा २/३ आणि अंगावर तीन डॅमेज तसंच. पुढची तपासणी होते आणि तो पडतो. शामनने गॉइफला स्पर्शही केलेला नसतो.

उत्तररात्र | मंगळवार, पहाटे ४:२०

मिशिगनहून लिहितोय, म्हणून वेळ अशी.

हा धागा वाचून मला २००४ चा हिवाळा आठवला. एमएससाठी इथे आलो तेव्हा बाहेर बर्फ आणि आत होस्टेलच्या तळघरात हा खेळ. तिथल्या मुलांनी मला इंग्रजी बोलायला जितकं शिकवलं त्याहून जास्त या पानांनी वाचायला शिकवलं. 'टार्गेट' हा शब्द आहे की नाही, 'मे' आहे की नाही, एवढ्यावरून डाव फिरायचे.

निळी शाई, तुम्ही थप्पीचं सांगितलंत त्याला इतिहासही आहे. थप्पी पहिल्या दिवसापासून नव्हती. १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर नियम मुळापासून नव्याने लिहिले गेले, त्यात ती आली. त्याआधी 'इंटरप्ट' नावाचा वेगळाच प्रकार होता आणि कुणाचं काय आधी होणार हे सांगताना माझ्याहून जुने खेळाडूही अडखळायचे.

मी शिकलो तेव्हा कॉम्बॅटमधलं (क्रीचर्सच्या झुंजीतलं) डॅमेजसुद्धा थप्पीवर जायचं. मॉग फॅनॅटिक नावाचा १/१ गोब्लिन होता, त्याचा बळी दिला की कुठेही १ डॅमेज. समोरच्याच्या २/२ ला त्याने ब्लॉक करायचं, म्हणजे अडवायचं, दोघांचं डॅमेज थप्पीवर बसू द्यायचं आणि मग फॅनॅटिकचा बळी द्यायचा. बळीचं एक, थप्पीवर आधीच बसलेलं एक, २/२ गेला. ही खेळी पहिल्यांदा जमली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पुढे नोकरी, लग्न, संसार. जवळजवळ दहा वर्षांनी मुलीबरोबर पुन्हा बसलो. फॅनॅटिकने ब्लॉक केलं आणि म्हणालो, डॅमेज थप्पीवर. तिने विचारलं, "बाबा, असं कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. २००९ मध्ये मॅजिक २०१० या संचाबरोबर तो नियम गेला होता. आता कॉम्बॅट डॅमेज एकाच वेळी, थप्पीला न शिवता होतं. फॅनॅटिकला एकच निवडावं लागतं, आधी बळी द्यायचा किंवा झुंजून मरायचं. न वापरलेल्या मानाने स्वतःचे लाइफ जायचे, तो माना बर्नही त्याच वर्षी गेला.

तिच्याकडूनच दुसरा धडा मिळाला. तिचा ६/६, त्याला ट्रॅम्पल आणि डेथटच दोन्ही. माझ्या ५/५ ने ब्लॉक केलं. मी हिशोब केला, पाच ब्लॉकरला आणि उरलेलं एक मला. तिने एक ब्लॉकरला दिलं आणि पाच मला. बरोबर होती ती. ट्रॅम्पल म्हणतं, ब्लॉकरला मारण्याइतकं डॅमेज द्या आणि बाकीचं पलीकडे न्या. डेथटच असलेल्याच्या बाबतीत मारण्याइतकं म्हणजे फक्त एक. ब्लॉकर इनडिस्ट्रक्टिबल असला, म्हणजे मरणारच नसला, तरी देताना एकच धरायचं.

जुन्या मंडळींसाठी एक सूचना. अनेक ब्लॉकर असले की अटॅकरने त्यांचा क्रम लावायचा ही पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स संचाबरोबर काढून टाकली आहे. आता डॅमेज द्यायच्या वेळी हवं तसं वाटता येतं. जुन्या सवयीने खेळलात तर डाव चुकेल.

माळावरचा | मंगळवार, रात्री ८:४५

मी मोबाइलवर अरीना (मॅजिकचं ॲप) खेळतो, प्रत्यक्ष पानं फारशी हाताळली नाहीत. अरीनात नियम खेळ स्वतःच पाळतो, त्यामुळे काय झालं ते दिसतं पण का झालं ते कळत नाही.

माझ्या बॅनिशिंग लाइटचा (समोरच्याचं पान एक्झाइल करणारं पान) ट्रिगर, म्हणजे पान टेबलावर आलं की आपोआप उठणारी ॲबिलिटी, थप्पीवर असताना समोरच्याने लाइटच फोडला. त्याचं क्रीचर टेबलावरून हललंच नाही. ठीक. पण गेल्या महिन्यात दादाच्या मित्रांबरोबर खऱ्या पानांनी खेळलो. तिथे एकाने ओब्लिव्हियन रिंग टाकली आणि ट्रिगर थप्पीवर असताना स्वतःच ती रिंग फोडली. माझं क्रीचर एक्झाइल झालं आणि परत आलंच नाही. दोन्ही पानं एकच काम करतात ना? मग माझ्या वेळी वेगळं का?

निळी शाई | मंगळवार, रात्री १०:१०

काम एकच, वाक्यरचना वेगळी. आणि या खेळात वाक्यरचना हेच सगळं.

ओब्लिव्हियन रिंग २००७ ची. तिच्यावर दोन सुटी वाक्यं आहेत. एक: ही टेबलावर आली की दुसरं एखादं पान एक्झाइल करा. दोन: ही टेबलावरून गेली की ते पान परत आणा. दोन वाक्यं म्हणजे दोन वेगळे ट्रिगर. दादाच्या मित्राने पहिला ट्रिगर थप्पीवर असताना रिंग फोडली, म्हणून दुसरा ट्रिगर त्याच्या वर येऊन बसला. वरचं आधी. "परत आणा" आधी घडलं, तेव्हा परत आणायला काहीच नव्हतं. मग खालचं "एक्झाइल करा" घडलं. आता परत आणणारं वाक्य उरलेलंच नाही, म्हणून तुझं क्रीचर कायमचं गेलं. त्याने फसवलं नाही. ही माहितीतली खेळी आहे आणि बरेच जण ती ठरवून करतात.

पुढे रचनाकारांनी वाक्य बदललं. २०१३ च्या बॅनिशर प्रीस्टवर आणि २०१४ च्या बॅनिशिंग लाइटवर एकच वाक्य आहे: हे पान टेबलावरून जाईपर्यंत समोरच्याचं ते पान एक्झाइल करा. लाइट ट्रिगर घडायच्या आधीच गेला तर तो "पर्यंत" सुरू होण्यापूर्वीच संपलेला असतो, म्हणून एक्झाइल होतच नाही. तुझ्या डावात तेच झालं.

हे लक्षात ठेवायला मी मुलांना दोन घरांची गोष्ट सांगते. एका घरात दोन चिठ्ठ्या आहेत, "सामान बाहेर ठेवा" आणि "घर विकलं की सामान परत आणा". दुसऱ्या घरात एकच चिठ्ठी, "घर विकेपर्यंत सामान बाहेर ठेवा". घर आधीच विकलेलं असेल तर दोन्हीकडे काय होईल ते मुलं स्वतःच सांगतात.

आणखी एक. पानावर छापलेला मजकूर हा शेवटचा शब्द नाही. कंपनी प्रत्येक पानाचा आजचा अधिकृत मजकूर ठेवते, त्याला ओरॅकल म्हणतात, आणि तो गॅदरर या तिच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. जुनं पान खेळताना तोच वाचायचा. तिथे बऱ्याच पानांखाली अडलेल्या प्रश्नांची उत्तरंही दिलेली असतात.

माळावरचा | मंगळवार, रात्री १०:२२

ताई, दोन चिठ्ठ्यांवरून लख्ख कळलं. वाखु (वाचनखूण) साठवली.

तिसरी घंटा | बुधवार, दुपारी ४:०५

आमच्या ठाण्याच्या गटातला एक न सुटलेला गुंता टाकते. उत्तर सगळ्यांना माहीत आहे, कारण कुणालाच माहीत नाही.

ब्लड मून म्हणतो, सगळी नॉन-बेसिक लँड्स (माउंटन, स्वॅम्प अशी साधी, बेसिक लँड्स सोडून बाकीची) माउंटन आहेत. अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ हे लँड म्हणतं, प्रत्येक लँड स्वतःच्या प्रकाराशिवाय स्वॅम्पसुद्धा आहे. दोन्ही टेबलावर आली तर काय? आमच्यात तीन पक्ष आहेत. जे नंतर आलं ते खरं. जे आधी आलं ते खरं. सगळी लँड्स माउंटन आणि स्वॅम्प दोन्ही.

निळी शाई | बुधवार, रात्री ९:५०

तिन्ही पक्ष चुकलेत, आणि तिन्ही चुका समजण्यासारख्या आहेत. याचं उत्तर लेयर्समध्ये आहे, कलम ६१३. इथे जरा निवांत बसून लिहिते, कारण माझ्या मते अख्ख्या नियमपुस्तकातला सगळ्यात देखणा भाग हाच आहे.

टेबलावरच्या एखाद्या पानावर एकाच वेळी पाच-सहा परिणाम चालू असू शकतात. एक म्हणतो तू १/१ आहेस, दुसरा म्हणतो तुला +३/+३, तिसरा म्हणतो तुझ्या ॲबिलिटीज गेल्या. आलेल्या क्रमाने ते लावत बसलो तर दर वेळी उत्तर वेगळं येईल. म्हणून खेळ त्यांना सात थरांत वाटतो. कॉपी करणं पहिल्या थरात. मग ताबा कुणाचा. मग पानाचा मजकूर बदलणं. चौथ्यात पानाचा प्रकार. पाचव्यात रंग. सहाव्यात ॲबिलिटीज मिळणं किंवा जाणं. सातव्यात पॉवर आणि टफनेस, आणि त्यातही आधी "अमुक आहे" असं ठरवणारे परिणाम, नंतर वाढवणारे आणि घटवणारे, अगदी शेवटी अदलाबदल करणारे.

साधं उदाहरण. तुमच्या २/२ वर एक +१/+१ काउंटर (पॉवर आणि टफनेस एकेकने वाढवणारी खूण) आहे. कुणी त्याला टर्न टू फ्रॉगने १/१ बेडूक केलं. तो १/१ होतो की २/२? २/२. "१/१ आहे" आधी लागतं, काउंटर त्याच्यावर. काउंटर आधीपासून होता याचा काहीही संबंध नाही.

आता ब्लड मून आणि अर्बोर्ग. दोन्ही चौथ्या थरात, कारण दोन्ही लँडचा प्रकार बदलतात. एकाच थरात असले की साधारणपणे आधी आलेला आधी लावतात. पण त्याच्याही वर एक नियम आहे, अवलंबून असण्याचा. एक परिणाम लावल्याने दुसरा अस्तित्वातच राहणार की नाही हे ठरत असेल, तर जो अवलंबून आहे तो थांबतो. अर्बोर्ग स्वतः नॉन-बेसिक लँड आहे. ब्लड मून लागला की ते नुसतं माउंटन होतं. नियम असा आहे की लँडला बेसिक प्रकार ठरवून दिला की त्याच्या छापील ॲबिलिटीज जातात आणि फक्त त्या प्रकाराचा माना देता येतो. मग अर्बोर्गचं वाक्यच पुसलं गेलं. त्याउलट अर्बोर्ग ब्लड मूनच्या वाक्याला धक्का लावू शकत नाही. म्हणून ब्लड मून नेहमी आधी लागतो, मग तो आधी आलेला असो की नंतर. अर्बोर्ग माउंटन आहे, बाकी नॉन-बेसिक माउंटन आहेत, आणि या अर्बोर्गमुळे कुणीही स्वॅम्प झालेलं नाही.

आता यापुढची गंमत. ब्लड मूनचं काम करणारं एक क्रीचर आहे, मेगस ऑफ द मून. समोरच्याने ड्रेस डाउन टाकलं, ज्याने सगळ्या क्रीचर्सच्या ॲबिलिटीज जातात. आता लँड्स सुटली का?

केवडा | बुधवार, रात्री १०:४०

थांबा, उत्तर सांगू नका. मला करून बघू द्या.

मेगसचं वाक्य लँडचा प्रकार बदलतं. चौथा थर. ड्रेस डाउन ॲबिलिटी काढतं. सहावा थर. चौथ्या थरात पोचतो तेव्हा मेगसची ॲबिलिटी शाबूत आहे, लँड्स माउंटन झाली. सहाव्यात त्याची ॲबिलिटी गेली, पण तोवर त्याचं काम झालेलं आहे. म्हणजे मेगस टेबलावर एक शब्दही नसलेला २/२ म्हणून उभा आहे आणि तरी लँड्स माउंटनच आहेत?

हे बरोबर असेल तर मला आणखी एक विचारायचंय. ह्युमिलिटी म्हणते, सगळ्या क्रीचर्सच्या ॲबिलिटीज गेल्या आणि ती मुळात १/१ आहेत. ओपॅलेसन्स म्हणतं, बाकीची सगळी एन्चँटमेंट्स (टेबलावर राहून परिणाम करणारी पानं), ऑरा (दुसऱ्याला जोडायची एन्चँटमेंट्स) सोडून, क्रीचरसुद्धा आहेत आणि त्यांची पॉवर-टफनेस त्यांच्या माना व्हॅल्यूइतकी, म्हणजे ते पान खेळायला लागणाऱ्या एकूण मानाइतकी. मग ह्युमिलिटी स्वतःच क्रीचर झाली. ती स्वतःचीच ॲबिलिटी काढते. मग ॲबिलिटी नाही तर काढली कुणी? मी इथे गोल फिरतोय.

निळी शाई | बुधवार, रात्री ११:१५

मेगसचं अगदी बरोबर. लँड्स माउंटनच राहतात. हे स्वतः सोडवलंत याचा मला फार आनंद झाला.

ह्युमिलिटी १९९७ ची, ओपॅलेसन्स १९९९ चं, आणि ही जोडी या खेळातलं सगळ्यात नावाजलेलं कोडं आहे. तुम्ही गोल फिरताय कारण मागे वळून बघताय. थरांमध्ये मागे वळायचं नाही. चौथ्या थरात ओपॅलेसन्सने ह्युमिलिटीला क्रीचर केलं. सहाव्यात ह्युमिलिटीने सगळ्या क्रीचर्सच्या ॲबिलिटीज काढल्या, स्वतःचीही. नियम म्हणतो, एखादा परिणाम एका थरात लागायला सुरुवात झाली की मधल्या काळात त्याची ॲबिलिटी गेली तरी पुढच्या थरांत तो चालूच राहतो. म्हणून सातव्या थरात ह्युमिलिटीचं "१/१" आणि ओपॅलेसन्सचं "माना व्हॅल्यूइतकी" हे दोन्ही हजर असतात. इथे कुणी कुणावर अवलंबून नाही, म्हणून जे नंतर आलं ते शेवटी लागतं. ह्युमिलिटीची माना व्हॅल्यू ४. ओपॅलेसन्स नंतर आलं असेल तर ह्युमिलिटी ४/४, ह्युमिलिटी नंतर आली असेल तर ती १/१. ओपॅलेसन्स स्वतः क्रीचर होत नाही, कारण त्याच्या वाक्यात "बाकीची" हा शब्द आहे.

तिसरी घंटा | गुरुवार, सकाळी ८:३०

तिन्ही पक्षांना हा प्रतिसाद छापून देणार आहे. आज खूप शिकले.

आम्ही मुख्यतः कमांडर खेळतो, चौघं एका टेबलावर. तिथला रोजचा गोंधळ म्हणजे एकाने बोर्ड साफ केला (टेबलावरची क्रीचर्स एकदम मारली) की चौघांचे ट्रिगर एकदम उठतात. आमच्यात जो मोठ्याने ओरडेल त्याचा आधी धरतात. आणि ब्लड आर्टिस्ट (कुठलंही क्रीचर मेलं की ज्याचा ट्रिगर उठतो असं क्रीचर) त्या साफसफाईतच मेला तर त्याला बाकीच्यांचे ट्रिगर मिळतात का?

निळी शाई | गुरुवार, दुपारी २:००

ज्याचा टर्न चालू आहे तो आपले ट्रिगर हव्या त्या क्रमाने थप्पीवर आधी ठेवतो. मग त्याच्यानंतर ज्याचा टर्न येणार तो, मग पुढचा. आधी ठेवलेले खाली जातात, म्हणजे टर्नवाल्याचे ट्रिगर सगळ्यात शेवटी घडतात. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की टेबल शांत होतं.

ब्लड आर्टिस्टला मिळतात. क्रीचर्स एकदम मेली तर ट्रिगर तपासताना खेळ मरणाच्या आधीच्या क्षणाचं टेबल बघतो. त्या क्षणी आर्टिस्ट तिथे होता. रॅथ ऑफ गॉडने (सगळी क्रीचर्स मारणारं स्पेल) त्याच्यासकट पाच क्रीचर्स गेली तर पाच ट्रिगर, कारण त्याचं वाक्य स्वतःच्या मरणालाही लागू आहे. फक्त मेलं म्हणजे टेबलावरून ग्रेव्हयार्डात गेलं. रेस्ट इन पीस टेबलावर असेल तर ती पाचही ग्रेव्हयार्डात न जाता थेट एक्झाइल होतात. म्हणजे नियमाच्या भाषेत कुणी मेलंच नाही, आणि एकही ट्रिगर नाही.

कमांडरबद्दल जाता जाता. २०२० पासून कमांडर (त्या प्रकारच्या डावात गठ्ठ्याचं मुख्य पान) आधी खरोखर ग्रेव्हयार्डात जातो आणि मग मालकाला हवं तर तो कमांड झोनमध्ये, म्हणजे त्याच्या राखीव जागेत, परत ठेवता येतो. त्यामुळे कमांडरच्या मरण्याचेही ट्रिगर मिळतात. त्याआधी तो वाटेतच वळवता यायचा आणि तसा वळवला की मिळत नसत.

उत्तररात्र | शुक्रवार, पहाटे ५:०५

माझं काम संगणकाचं, म्हणून या धाग्यात एक भर घालतो. २०१९ मध्ये ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी दाखवून दिलं की ठरावीक पानं विशिष्ट पद्धतीने मांडली तर मॅजिकचा डाव ट्युरिंग यंत्रासारखा (संगणकाचं तात्त्विक प्रारूप) चालवता येतो, आणि त्यात पुढच्या सगळ्या खेळी नियमांनीच ठरलेल्या, कुणाला काही निवडायला उरतच नाही. त्यामुळे असा डाव कोण जिंकणार हे आधी सांगू शकेल अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. वाचलं तेव्हा मी मुलीला हाक मारून तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. इतकी मोठी गोष्ट शक्य होते कारण निळी शाईंनी सांगितलेला प्रत्येक नियम, तपासणीची वेळ, थप्पी, थर, काटेकोरपणे लिहिलेला आहे. "साधारण असं" म्हणणारं एकही कलम असतं तर ते यंत्र पहिल्याच पायरीला थांबलं असतं.

घाटवाट | रविवार, रात्री १०:१५

आजच्या डावाचा वृत्तांत देतो. हा धागा मित्राला आधीच पाठवला होता. त्याने दारातच हात मिळवला आणि म्हणाला, मागच्या रविवारचा गॉइफ तुझा. मग मुद्दाम तोच प्रसंग मांडला: एक लँड, एक क्रीचर, बोल्ट. गॉइफ ३/४ होऊन उभा राहिला. पुढे त्याने शांतपणे डेथराइट शामन वापरला आणि बोल्ट उचलून गॉइफ पाडला. धागा त्यानेही नीट वाचला होता.

त्याचा अकरा वर्षांचा भाचा शेजारी बसून बघत होता. त्याने एक प्रश्न विचारला आणि आम्हा दोघांनाही उत्तर येईना. गॉइफ टेबलावर नसून हातात असेल, किंवा मेल्यावर ग्रेव्हयार्डात पडला असेल, तर तेव्हा तो किती असतो? की शून्य?

निळी शाई | रविवार, रात्री १०:४०

भाच्याला सांगा, गॉइफचं ते वाक्य टेबलापुरतं नाही. स्वतःची पॉवर आणि टफनेस ठरवणारी अशी वाक्यं सगळीकडे चालू असतात. हातात, गठ्ठ्यात, ग्रेव्हयार्डात, अगदी डाव सुरू होण्याआधीही. आज तुमच्या ग्रेव्हयार्डांत लँड आणि क्रीचर असताना हातातला गॉइफ २/३ होता. आणि तो ग्रेव्हयार्डात पडला की त्याला स्वतःलाही मोजायचं, कारण तोही क्रीचर आहे. तिथे दुसरं क्रीचर आधीच असेल तर मात्र प्रकार वाढत नाही. बाकी सगळं रिकामं असेल आणि एकटा गॉइफच ग्रेव्हयार्डात असेल तर तो किती, हे त्याला स्वतःला काढू द्या.

घाटवाट | रविवार, रात्री १०:५२

फोन केला होता. मी प्रश्न पुरा करायच्या आत म्हणाला, "१/२."